बोट लावलं की हललं पाहिजे: टचस्क्रीन पॅनलची सुस्ती कशी काढायची

नागपूरच्या इतवारीत मस्कासाथच्या मागच्या बाजूला एका काकांचा सावजी मसाल्याचा छोटा कारखाना आहे. त्यांच्या पुडे भरायच्या काट्याला मी २.८ इंची टचस्क्रीन बसवून दिली होती. काम साधंच होतं: वजन दाखवायचं, काटा शून्य करायचा, पुडा शंभर ग्रॅमचा की पाचशेचा ते निवडायचं. आठवड्याभरात फोन आला. "भाऊ, हे तं बोट लावल्यावर विचार करून राह्यलं. बाई दोनदा दाबते तवा एकदा घेते." मागून त्यांच्या भाच्याचा आवाज, "रिफ्रेश रेट कमी असन त्याचा. माह्या मोबाईलला एकशेवीस आहे."

मलाही तसंच वाटलं. बर्डीवरून दुसरा डिस्प्ले आणून बदलला. तोही तितकाच ढिम्म. दोष माझ्याच प्रोग्रॅममध्ये होता, आणि तो सापडेपर्यंत दोन रविवार गेले. ते दोन रविवार ज्या क्रमाने जायला हवे होते, त्या क्रमाने हा लेख लिहिला आहे. ईएसपी३२ सारख्या छोट्या प्रोसेसर बोर्डावर एसपीआयचा (म्हणजे मोजक्या तारांवरून एकेक बिट पाठवणाऱ्या जोडणीचा) छोटा टचस्क्रीन चालवणाऱ्यांसाठी तो मुख्यतः आहे. मशीनचे पॅनल करणारे आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट गळ्यात पडलेले, दोघांनाही चालेल. मोबाईल आणि वर्गातल्या मोठ्या पॅनलबद्दल शेवटी थोडक्यात आहे.

आधी चार आकडे वेगळे करा

लोक 'रिफ्रेश रेट' म्हणतात तेव्हा त्यात चार निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली, पॅनलचा खरा रिफ्रेश. काचेवरच्या ओळी सेकंदाला किती वेळा वरून खाली नव्याने भरल्या जातात तो आकडा. ६० हर्ट्झला एका फेरीला १६.७ मिलिसेकंद लागतात, ९० ला ११.१ आणि १२० ला ८.३. दुसरी, फ्रेम रेट: प्रोसेसर सेकंदाला किती नवी चित्रं तयार करून पाठवतो. तिसरी, टच सॅम्पलिंग: बोट कुठे आहे हे किती वेळा विचारलं जातं. मोबाईलच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात २४० किंवा ३६० छापलेलं असतं, तो आकडा बहुतेक वेळा हा असतो. चौथी, पिक्सेलला एका रंगातून दुसऱ्या रंगात जायला लागणारा वेळ. स्वस्त एलसीडीत तोच वीस-पंचवीस मिलिसेकंद खातो.

२०१७ साली रेझरचा फोन आणि आयपॅड प्रो १२० हर्ट्झ घेऊन आले, २०१९ मध्ये वनप्लस ७ प्रो ९० घेऊन आला आणि २०२१ मध्ये आयफोन १३ प्रो १२० वर गेला. तेव्हापासून पहिलाच आकडा सगळ्यांच्या तोंडात बसला. पण आपल्या छोट्या एसपीआय पॅनलची गोष्ट वेगळी आहे. आयएलआय९३४१ सारख्या ड्रायव्हर चिपमध्ये स्वतःची मेमरी असते. तुम्ही चित्र पाठवा की पाठवू नका, चिप त्या मेमरीतून वाचून काच मुळातच सेकंदाला ७० वेळा भरत असते. भाच्याच्या आरोपातून पॅनल इथेच सुटतो. त्या मेमरीत नवीन चित्र उशिरा पोचतंय, आणि ते का, हे शोधायचं असतं.

पायरी १: मोजल्याशिवाय हात लावू नका

कुठलंही उपकरण नको, मोबाईल पुरतो. कॅमेऱ्यात स्लो मोशन २४० वर ठेवा. फोन कशाला तरी टेकवून पॅनलपासून वीतभर दूर ठेवा. बोट काचेला टेकताना बाजूने स्पष्ट दिसलं पाहिजे. बटण दाबल्यावर रंग बदलेल अशी व्यवस्था प्रोग्रॅममध्ये करा. मग दहा वेळा दाबून व्हिडिओ घ्या आणि तो एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. बोट टेकलं ती फ्रेम आणि रंग बदलला ती फ्रेम, मधल्या फ्रेम मोजा आणि ४.१७ ने गुणा. उत्तर मिलिसेकंदात.

काकांच्या पॅनलवर हा आकडा एकसारखा येतच नव्हता. कधी २० फ्रेम, कधी २०० च्या वर, आणि दहापैकी तीनदा रंग बदललाच नाही. खरं तर ही गोष्ट बघूनच मला कळायला हवं होतं. पॅनल किंवा वायर संथ असेल तर उशीर दर वेळी साधारण सारखाच येतो. उशीर असा उड्या मारत असेल तर प्रोग्रॅम कुठेतरी अडून बसतोय.

आता दुसरं मोजमाप, आतलं. लूपमधल्या प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर मायक्रोसेकंदाचं घड्याळ वाचा आणि फरक सिरियलवर, म्हणजे यूएसबीने जोडलेल्या कॉम्प्युटरवर, छापा: वजन वाचायला किती, टच वाचायला किती, चित्र काढायला किती. सिरियलचा वेग ११५२०० ठेवा. ९६०० वर एक अक्षर जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. चाळीस अक्षरांची ओळ छापली की चाळीस मिलिसेकंद गेले, आणि मग मोजणाराच गुन्हेगार ठरतो. मी हेही करून बसलोय.

बटणं, स्लायडर वगैरे काढून देणारी एलव्हीजीएल लायब्ररी वापरत असाल तर तिच्या कॉन्फिग फाईलमध्ये परफॉर्मन्स मॉनिटर चालू करा. स्क्रीनच्या कोपऱ्यात एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) आणि सीपीयूची टक्केवारी दिसायला लागते.

पायरी २: कोण अडवून बसलंय ते शोधा

माझ्या लूपमध्ये एक निरागस दिसणारी ओळ होती. लोडसेलची, म्हणजे काट्यातल्या वजनाच्या सेन्सरची, एचएक्स७११ चिप वाचायची आणि दहा रीडिंगची सरासरी घ्यायची. बाजारात मिळणारं एचएक्स७११ चं मॉड्यूल बहुधा सेकंदाला १० रीडिंग देईल असं जोडलेलं येतं. म्हणजे दहा रीडिंगची सरासरी मागितली की प्रोग्रॅम पूर्ण एक सेकंद तिथेच उभा. बोटाचा हलका टोला जेमतेम शंभर मिलिसेकंदांचा. तो त्या सेकंदाच्या मधे पडला तर कुणाच्या गावीही नाही. बाई दोनदा दाबत होती ती यामुळे.

उपाय असा. सरासरी मागू नका. चिप तयार आहे का, एवढंच विचारा. तयार असेल तर एक रीडिंग घ्या, नसेल तर पुढे चला. आलेली रीडिंग एका छोट्या रांगेत टाकत जा आणि सरासरी स्वतः काढा. चिपचा १५ नंबरचा पाय जमिनीऐवजी (ग्राउंडऐवजी) पुरवठ्याला जोडला तर ती सेकंदाला ८० रीडिंग देते, पण सोबत आकड्यांची थरथरही वाढते. मसाल्याच्या काट्याला १० पुरेसे आहेत, म्हणून मी तो पाय सोडवला नाही.

तुमच्याकडे लोडसेल नसेल, पण भाऊबंद असतीलच. तापमानाचा डीएस१८बी२० सेन्सर १२ बिटवर एका मोजणीला ७५० मिलिसेकंद घेतो, आणि लायब्ररी मुळातच तेवढा वेळ थांबते. वायफाय तुटल्यावर पुन्हा जोडेपर्यंत फिरत बसणारं लूप, एसडी कार्डावर लिहिणं, आणि सगळ्यांचा बाप म्हणजे 'डिले', म्हणजे प्रोग्रॅमला नुसतं थांबवून ठेवणारी आज्ञा. प्रोग्रॅममध्ये हा शब्द शोधा. जिथे सापडेल तिथे त्याच्या जागी घड्याळ बघून 'वेळ झाली का' विचारणारी अट टाका.

ईएसपी३२ ला दोन कोअर आहेत, म्हणजे एकाच वेळी दोन कामं चालवणारे दोन भाग. आर्डुइनोमधलं लूप १ नंबरच्या कोअरवर चालतं. सेन्सर, वायफाय वगैरे मंडळी वेगळ्या टास्कमध्ये घालून ० नंबरवर बसवली की स्क्रीनला पूर्ण मोकळीक मिळते. एक पथ्य मात्र पाळा: एलव्हीजीएलचं कोणतंही फंक्शन दुसऱ्या टास्कमधून थेट बोलावू नका. ती लायब्ररी एकाच वेळी दोघांनी हात घालण्यासाठी बनलेली नाही. वजनाचा आकडा क्यूमध्ये (दोन टास्कमधल्या रांगेत) टाका आणि स्क्रीनच्या टास्कने तो तिथून उचलावा. नाहीतर पॅनल चार तास मस्त चालतं आणि पाचव्या तासाला, बहुधा गिऱ्हाईक समोर असताना, रीस्टार्ट होतं.

एवढं केल्यावर काकांचं पॅनल ३० ते ४० फ्रेमवर आलं. म्हणजे सव्वाशे ते एकशे सदुसष्ट मिलिसेकंद. बाईची तक्रार इथेच संपली असती. पुढचं सगळं मी हौसेने केलं.

पायरी ३: टच किती वेळा वाचता?

एलव्हीजीएलच्या आठव्या आवृत्तीत टच दर ३० मिलिसेकंदांनी वाचला जातो. तो १० वर आणा. स्लायडर ओढताना हा फरक लगेच जाणवतो.

रेझिस्टिव्ह (दाबावर चालणाऱ्या) टचची एक्सपीटी२०४६ चिप डिस्प्लेच्याच एसपीआय तारांवर असते, पण तिला धावपळ सोसत नाही. तिचं क्लॉक, म्हणजे तारेवरच्या ठोक्यांचा वेग, २.५ मेगाहर्ट्झच्या आसपास ठेवा. डिस्प्लेचं ४० मेगाहर्ट्झ तिला लावलं तर बोट एकीकडे आणि खूण भलतीकडे. तिचा आयआरक्यूचा (खबर देणारा) पाय जरूर जोडा. बोट टेकलं की तो खाली जातो, म्हणजे बोट नसताना उगाच वाचत बसायची गरज उरत नाही. एका वेळी तीन किंवा पाच रीडिंग घेऊन मधलं धरा. सरासरीपेक्षा हे चांगलं, कारण एखादं भरकटलेलं रीडिंग सरासरीला ओढून नेतं, मधल्याला हलवत नाही.

कपॅसिटिव्ह टच असेल, समजा जीटी९११ चिप, तर ती आय-टू-सी या दोन तारांच्या बसवर बोलते. आर्डुइनोमध्ये ही बस मुळातच १०० किलोहर्ट्झवर असते, ती ४०० करा. चिप स्वतः सेकंदाला १०० वेळाच बोटाची जागा कळवते, त्यामुळे त्याहून जास्त वेळा विचारून हाती काही लागत नाही.

मसाल्याच्या कारखान्यात मी मुद्दाम रेझिस्टिव्ह घेतला. तेलकट, तिखटाने माखलेली बोटं, वर प्लॅस्टिकचे हातमोजे. कपॅसिटिव्ह तिथे रुसतो.

पायरी ४: कमी रंगवा

आता हिशेब करू. स्क्रीन २४० गुणिले ३२०, म्हणजे ७६,८०० पिक्सेल. प्रत्येकाला १६ बिट. एक पूर्ण चित्र १२,२८,८०० बिटचं. एसपीआय एका ठोक्याला एक बिट नेते, म्हणून:

२७ मेगाहर्ट्झला ४५.५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त २२ चित्रं.
४० मेगाहर्ट्झला ३०.७ मिलिसेकंद, म्हणजे ३२.
८० मेगाहर्ट्झला १५.४ मिलिसेकंद, म्हणजे ६५.

ही कागदावरची कमाल आहे. प्रत्यक्षात कमांडचा वेळ जाऊन थोडं कमीच मिळतं. पण मुळात पूर्ण चित्र पाठवायची गरज कुणाला आहे? काट्यावर बदलतो तो वजनाचा आकडा. त्याचा चौकोन १६० गुणिले ६० धरला तर ९,६०० पिक्सेल, स्क्रीनचा बरोबर आठवा भाग. ४० मेगाहर्ट्झला ३.८ मिलिसेकंदांत काम संपलं. तार बदलली नाही, चिप बदलली नाही आणि वेग आठपट.

माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये दर फेरीला पूर्ण स्क्रीन काळी करून पुन्हा सगळं रंगवलं जात होतं. लुकलुक होते ती त्याचीच, आणि लोक तिला रिफ्रेश रेट समजतात. स्क्रीन पुसणं बंद करा. आकडा लिहिताना अक्षराला पार्श्वभूमीचा रंग द्या, म्हणजे नवा आकडा जुन्यावर बसतो. आकड्यांची रुंदी सारखी असलेला फाँट घ्या, नाहीतर १११ च्या मागे ८८८ ची शेपटी राहते. आकडा बदललाच नसेल तर लिहू नका. ही एक अट टाकायला लोक का विसरतात कोण जाणे.

एलव्हीजीएल बदललेला भागच रंगवते, पण तिला महागडी कामं सांगणं आपल्या हातात असतं. सावल्या, रंगछटांचे उतार, अर्धपारदर्शक थर, मोठ्या गोलाईचे कोपरे, हे सगळं ईएसपी३२ ला एकेक पिक्सेल हिशेब करून काढावं लागतं. कारखान्यातल्या पॅनलला सावली कशाला? सपाट रंग द्या, ठळक अक्षरं द्या. भर दुपारी खिडकीतून उजेड पडतो तेव्हा वाचायलाही तेच बरं.

पायरी ५: तारा आणि क्लॉक

डिस्प्ले चालवणाऱ्या टीएफटी-ई-एसपीआय लायब्ररीत यूजर सेटअप नावाची फाईल असते. तिच्यात एसपीआय फ्रिक्वेन्सीची ओळ आहे. २७ असेल तर ४० करा. ५५ किंवा ६० लिहायचा मोह होईल, पण ईएसपी३२ मूळ ८० ला पूर्ण आकड्याने भागतो: ८०, ४०, २६.७, २०. मधलं काही नाही. ५५ लिहिलं तरी ४०च मिळतात आणि आपण उगाच खूश. लायब्ररी अपडेट झाली की ही फाईल पुसली जाते, म्हणून तिची एक प्रत प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा.

८० हवे असतील तर पाय ठरलेलेच वापरावे लागतात: १८ वर क्लॉक आणि २३ वर डेटा, किंवा दुसऱ्या संचात १४ आणि १३. इतर पायांवरून सिग्नल आतल्या जाळीतून फिरून जातो आणि ४० च्या पुढे भरवसा राहत नाही. हेही लक्षात असू द्या की आयएलआय९३४१ ची डेटाशीट लिहिण्याच्या एका ठोक्याला कमीत कमी १०० नॅनोसेकंद मागते, म्हणजे १० मेगाहर्ट्झ. ४० वर जवळपास सगळे पीस चालतात. ८० वर एक चालतो, शेजारचा चालत नाही. घरच्या प्रयोगाला ८० लावा; गिऱ्हाईकाच्या मशीनला मी ४० च्या वर जात नाही.

क्लॉक वाढवल्यावर स्क्रीनवर रंगीत कचरा, सरकलेली ओळ किंवा कोरा पांढरा पडदा दिसला, तर आधी तारा बघा. वीस सेंटीमीटरच्या जंपर वायर २७ वर निभतात, ४० वर दगा देतात. दहा सेंटीमीटरच्या आत आणा. क्लॉकच्या तारेला लगटून जमिनीची तार न्या. क्लॉक आणि डेटाच्या तारेत बोर्डाच्या बाजूला ३३ ओहमचा रेझिस्टर टाका. डिस्प्लेच्या पुरवठ्यावर, अगदी पायांजवळ, १०० नॅनोफॅरडचा आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. पुडे बंद करणाऱ्या सीलिंग मशीनचा हीटर चालू-बंद होताना स्क्रीन पांढरी पडायची, ती या दोन कपॅसिटरने थांबली.

टच आणि डिस्प्ले एकाच बसवर असतील तर डिस्प्लेची एसडीओची (डेटा बाहेर काढणारी) तार जोडूच नका. आपल्याला डिस्प्लेमधून वाचायचं काही नसतं, आणि काही मॉड्यूल निवड सुटल्यावरही ती लाईन सोडत नाहीत. मग टचचं रीडिंग बिघडतं.

पायरी ६: दोन बफर आणि डीएमए

समजा पूर्ण चित्र रंगवायला २० मिलिसेकंद आणि पाठवायला ३१. एकामागून एक केलं तर ५१, म्हणजे सेकंदाला जेमतेम २०. डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता मेमरीतून डेटा पाठवणारी सोय) चालू केलं की पाठवण्याचं काम हार्डवेअर करतं आणि प्रोसेसर तेवढ्यात पुढची पट्टी रंगवतो. मग चित्राला ३१च लागतात आणि सेकंदाला ३२ पडतात. घरात एक पोळी तव्यावर असताना दुसरी लाटली जाते, तसं.

त्यासाठी दोन बफर, म्हणजे चित्र तात्पुरतं ठेवायच्या मेमरीतल्या जागा, लागतात, स्क्रीनच्या दहाव्या भागाएवढे. २४० गुणिले ३२ पिक्सेल म्हणजे १५,३६० बाइट, दोन मिळून ३०,७२०. पूर्ण स्क्रीनचा बफर १,५३,६०० बाइटचा होतो; ईएसपी३२ मध्ये ५२० किलोबाइट रॅम असली तरी सलग एवढी जागा मिळणं अवघड. ती धडपड करू नका, दहाव्या भागाने काम भागतं. बफर डीएमएला चालेल अशा आतल्या मेमरीतच मागा. पाठवणं संपल्याचा निरोप एलव्हीजीएलला डीएमए संपल्यावरच द्या. आधी दिलात तर अर्धी पट्टी जुनी आणि अर्धी नवी दिसते.

रंग उलटे दिसले, लालचा निळा झाला किंवा सगळं विचित्र हिरवट दिसलं, तर दोन बाइटचा क्रम उलटायचा राहिलाय. आठव्या आवृत्तीत त्याची सोय कॉन्फिग फाईलमध्येच आहे.

याच फाईलमध्ये स्क्रीन किती मिलिसेकंदांनी रंगवायची तेही लिहिलेलं असतं. मुळात ३०. म्हणजे सेकंदाला ३३ वेळा. ही ओळ बदलली नाही तर बाकी काहीही करा, मॉनिटरवरचा आकडा ३३ च्या पुढे हलणार नाही. १६ करा. प्रोसेसर २४० मेगाहर्ट्झवर आहे ना, तेही बघून घ्या. बॅटरी वाचवायला कुणीतरी ८० केलेला असतो आणि तो कुणीतरी बहुतेक आपणच असतो.

पायरी ७: आता पॅनलचा खरा रिफ्रेश

सगळे ज्याने सुरुवात करतात ती पायरी सातवी आहे. आयएलआय९३४१ मध्ये हेक्स बी१ ही कमांड आहे. तिला दोन बाइट द्यायचे: पहिला शून्य, दुसरा एका ओळीला किती ठोके ते. चिपच्या आतलं घड्याळ ६१५ किलोहर्ट्झचं आहे. त्याला ठोके आणि ३२४ ओळींनी (३२० दिसणाऱ्या आणि ४ मोकळ्या) भागा. हेक्स १बी म्हणजे २७ ठोके, उत्तर ७०. हेक्स १८ दिलं तर ७९, हेक्स १३ ला १००, हेक्स १० ला ११९. म्हणजे भाच्याच्या मोबाईलचा आकडा या स्वस्त काचेलाही एका बाइटमध्ये मिळतो. टीएफटी-ई-एसपीआय तर सुरुवातीलाच हेक्स १३ भरून देते, तिथे काही करायलाच नको.

वाढवल्याचा फायदा किती? बारीक थरथर डोळ्याला जाणवत असेल तर ती जाते, आणि मेमरीतलं नवं चित्र काचेवर यायला सरासरी दोन-तीन मिलिसेकंद कमी लागतात. उलट प्रत्येक ओळीला चार्ज व्हायला वेळ कमी मिळतो. ११९ वर काही पीसचे रंग फिके पडतात आणि कडांना सावली येते. मी १०० वर थांबतो.

हलत्या चित्रात आडवी किंवा तिरकी फूट दिसते, तिला टिअरिंग म्हणतात. चिप मेमरी वाचत असतानाच आपण लिहितो, म्हणून अर्धं जुनं आणि अर्धं नवं दिसतं. स्क्रीन आडवी वापरली की फूट तिरकी होते, कारण आपण एका दिशेने लिहितो आणि चिप दुसऱ्या दिशेने वाचते. पक्का इलाज चिपच्या टीई पायाचा: तो फेरी संपल्याची खूण देतो आणि तेव्हा लिहायचं. स्वस्त मॉड्यूलवर हा पाय बाहेर काढलेलाच नसतो. मग ज्या पानावर ॲनिमेशन आहे ते पान उभ्या स्क्रीनसाठी बनवा, किंवा ॲनिमेशनच काढून टाका.

आणि बॅकलाइट. उजेड कमी करायला पीडब्ल्यूएम (दिवा भराभर चालू-बंद करण्याची पद्धत) वापरत असाल आणि तो दोनशे-तीनशे हर्ट्झवर असेल तर व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. लोक ते दाखवून म्हणतात, बघा रिफ्रेश खराब. पीडब्ल्यूएम ५ किलोहर्ट्झ करा, पट्टे जातात.

नवीन पॅनल घेताना

मोठी स्क्रीन हवी म्हणून ३.५ इंची, ३२० गुणिले ४८० घेणाऱ्यांनी ड्रायव्हर चिपचं नाव विचारून घ्यावं. आयएलआय९४८८ एसपीआयवर १६ बिट रंग घेतच नाही, प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट लागतात. पूर्ण चित्र ३६,८६,४०० बिट, म्हणजे ४० मेगाहर्ट्झला ९२ मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ११ चित्रं. त्याच आकाराची एसटी७७९६ दोन बाइटमध्ये भागवते: ६१ मिलिसेकंद, १६ चित्रं. दोन्ही मॉड्यूल शेजारी ठेवली तर फरक दिसत नाही, पाठीवरचं नाव वाचावं लागतं. त्याहून मोठं आणि हलतं चित्र हवं असेल तर एसपीआय सोडा आणि ८ किंवा १६ तारांचा पॅरलल पॅनल घ्या.

नागपुरात अजून एक गोष्ट बघावी लागते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, त्यात पत्र्याखालची जागा, त्यात बंद डबा आणि शेजारी सीलिंग मशीन. बहुतेक पॅनल ७० अंशांपर्यंतचे असतात. उष्णतेने लिक्विड क्रिस्टल संथ होत नाही, उलट चपळ होतं; पण मर्यादा ओलांडली की काचेवर काळे ढग उमटतात. डब्याला खाली आणि वर जाळीची भोकं पाडा, बॅकलाइट ७० टक्क्यांवर ठेवा.

मोबाईल आणि मोठ्या पॅनलबद्दल

मोबाईलमध्ये करण्यासारखं थोडं आहे. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट किंवा स्मूथ डिस्प्ले शोधून सगळ्यात वरचा पर्याय निवडा. बॅटरी सेव्हर चालू असेल तर बरेच फोन ६० वर येतात. खरंच किती चाललंय ते बघायचं असेल तर बिल्ड नंबरवर सात वेळा टकटक करून डेव्हलपर ऑप्शन उघडा, त्यात रिफ्रेश रेट दाखवायचा पर्याय अनेक फोनमध्ये मिळतो. आकडा खालीवर होताना दिसला तर घाबरू नका. स्थिर चित्राला बॅटरी वाचवायला तो मुद्दाम उतरतो. ६० चा पॅनल सेटिंग करून १२० चा होत नाही. चार्जरला लावल्यावर टच वेड्यासारखा चालत असेल तर दोष चार्जरचा असतो, त्याचा गोंगाट काचेत शिरतो. काच फुटून फोल्डर (काच आणि डिस्प्लेचा जोड) बदलायची वेळ आली तर पैसे देण्याआधी विचारा, "हा एकशेवीसचा आहे का?" बाहेरचा स्वस्त फोल्डर बऱ्याचदा ६० चाच असतो, आणि ओएलईडीच्या जागी एलसीडी बसवून देतात ते निराळंच.

शाळा-कॉलेजातला मोठा टच पॅनल लॅपटॉपला जोडल्यावर माउस अडखळत चालत असेल तर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये आकडा बघा. ३० दिसला तर केबल, ॲडॅप्टर किंवा पोर्ट एचडीएमआय १.४ चं आहे. फोर-के चित्र त्यावर ३० च्या पुढे जात नाही. २.० ची जोडणी सगळीकडे असेल तर ६० मिळतात. तोवर रिझोल्यूशन फुल एचडी करा, लगेच ६० होतं. टचची यूएसबी केबल वेगळी असते. ती हबमधून काढून सरळ लॅपटॉपला लावा.

काकांच्या पॅनलचा शेवटचा व्हिडिओ मी कारखान्यातच घेतला. दहा वेळा दाबलं. ११ ते १३ फ्रेम, म्हणजे पन्नास मिलिसेकंदांच्या आसपास, आणि एकही टोला सुटला नाही. भाच्याने विचारलं, "पॅनल कोणता टाकला?" जुनाच होता. डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवून आलो: क्लॉक ४०, टच २.५, टच वाचन १०, रंगवणे १६, बी१ ला १३, बॅकलाइट ७०. पुढच्या वेळी उघडणाऱ्याला, म्हणजे बहुधा मलाच, परत दोन रविवार घालवायला नकोत.